सगळी कापडं आवडीची, तरी क्विल्ट उठून का दिसत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात सुती कापडं घेऊन ठेवली आहेत, त्यातली बहुतेक मध्यम आकाराच्या फुलांची आहेत. एका माणसाच्या पलंगासाठी क्विल्ट (तुकडे जोडून, आत भराव घालून शिवलेली गोधडी) शिवायचं आहे, पण कापडं शेजारी-शेजारी मांडली की सगळं एकात एक मिसळतं. आता नमुना शोधायचा की कापडं बदलायची?

कापडं बदलू नका. त्यांत भर घाला. आणि ही भर बहुधा अशा कापडाची असेल, जे खरेदीच्या वेळी तुम्हाला हातात घ्यावंसंही वाटलं नसतं.

आधी एक करा. सातही कापडांच्या घड्या एकावर एक अशा लावा, की प्रत्येकीची चार बोटं पट्टी दिसेल. दिवसाच्या उजेडात फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. तुम्ही जे रंग लिहिलेत (राणी, मोरपंखी, पोपटी, जांभळट) त्यांवरून मला वाटतं, सगळ्या पट्ट्या जवळपास एकाच करड्या रंगाच्या दिसतील. घोळ नेमका तिथेच आहे. राणी आणि मोरपंखी हे रंग म्हणून एकमेकांपासून कितीही लांब असले तरी दोघे सारखेच गडद असतील, तर चार पावलं मागे गेल्यावर त्यांच्यातली कड विरघळते. चांदणीचा ब्लॉक (तुकडे जोडून केलेला नक्षीचा एक चौकोन; असे अनेक जोडून क्विल्ट होतं) घ्या. चांदणीची टोकं आणि तिची पार्श्वभूमी दोन्ही मध्यम असतील, तर टोकं कितीही अचूक जुळवा, भिंतीपाशी उभ्या असलेल्याला चांदणी दिसणारच नाही. नमुना दिसतो तो गडद आणि फिकट यांच्यातल्या फरकामुळे.

फोनचा फोटो म्हणजे अंतिम निकाल नव्हे. लाल आणि भडक पिवळ्याच्या बाबतीत तो कधीकधी फसवतो. शंका आली तर डोळे अर्धे मिटून लांबून बघा, तेवढ्याने भागतं. शिवाय ‘गडद’ हा कापडाचा कायमचा गुण नसतो. तुमची मोरपंखी सायीच्या रंगाशेजारी गडद ठरेल आणि नेव्ही ब्लूशेजारी फिकट. पॅरिसच्या गोबेलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांच्यापुढे एकोणिसाव्या शतकात अशीच तक्रार आली होती: काळा रंग नीट चढत नाही, फिका दिसतो. त्यांनी तपासलं तर दोष रंगात नव्हता, काळ्याच्या शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. म्हणून दुकानात एकटं कापड बघून ठरवू नये. आपल्या कापडांचे तुकडे बरोबर न्यावेत आणि नवं कापड त्यांच्याशेजारी ठेवूनच बघावं.

तर खरेदी दोन कापडांची. एक खूप फिकट, पार्श्वभूमीसाठी. हे भरपूर घ्या, क्विल्टच्या जवळजवळ अर्ध्या भागाला पुरेल इतकं. दुसरं खरोखर गडद, हे थोडं चालेल. दोन्ही प्लेन, किंवा लांबून प्लेन वाटतील इतक्या बारीक छापाची. नवीन माणूस प्लेन कापडाला कंटाळवाणं म्हणतो, पण अमेरिकेतल्या आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातल्या बायकांची जुनी क्विल्टं बघा. त्यांत एकही छापील फूल नाही, नुसते गडद रंगांचे मोठाले चौकोन आणि पट्टे, आणि नजर हटत नाही. तुमच्या क्विल्टमध्ये प्लेन कापडाचं काम वेगळं आहे. फुलांच्या गर्दीत डोळ्याला टेकायला जागा लागते, ती त्याने द्यायची.

आता छापाचा आकार. सगळी फुलं मध्यम असणं हा तुमचा दुसरा अडथळा. मोठं, मध्यम आणि बारीक अशी सरमिसळ असली की प्रत्येक कापड वेगळं ओळखू येतं. मोठ्या छापाचं कापड निवडताना जाड कागदात 4 इंचांची चौकोनी खिडकी कापा आणि ती कापडावर फिरवा. खिडकीत जे दिसतं तेच क्विल्टमध्ये दिसणार आहे. गठ्ठ्यावर देखणं वाटणारं मोठं फूल या खिडकीत नुसता गुलाबी डाग होऊन बसतं. असं कापड मोठ्या तुकड्यांसाठी किंवा बॉर्डरसाठी ठेवावं. रेघांच्या आणि एकाच दिशेने छाप असलेल्या कापडांचंही जपून करा. त्रिकोण कापून फिरवले की झाडं आडवी होतात. काहींना ती गंमत आवडते, मला नाही आवडत.

नमुन्याकडे येऊ. आधी कापड की आधी नमुना, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कापड आधीच घरात आहे, म्हणजे नमुना त्याच्या मागून जाणार. एखाद्या नमुन्याच्याच प्रेमात पडला असतात तर उलट सांगितलं असतं: त्यात किती फिकट, किती गडद लागतं ते मोजा आणि तेवढंच घ्या.

तुकड्यांचा आकार मात्र आत्ताच ठरवा, कारण कापड किती लागणार आणि तुमचा धीर किती पुरणार हे दोन्ही त्यावर आहे. समजा क्विल्ट 60 बाय 72 इंच. 12 इंचांचे ब्लॉक धरले तर 5 आडवे, 6 उभे, म्हणजे 30 ब्लॉक. प्रत्येक ब्लॉक 4 इंची चौकोनांचा केला तर एका ब्लॉकला 9, एकूण 270 तुकडे. तोच 2 इंची चौकोनांचा केला तर 36 आणि 1080. तेवढ्यावर थांबत नाही. प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत जाणारी कड) लागते, म्हणून 4 इंची चौकोन साडेचार इंचांचा कापायचा आणि 2 इंची अडीचचा. पहिल्यात साधारण 21 टक्के कापड शिवणीत जातं, दुसऱ्यात 36 टक्के. वापरता येण्याजोगा पन्हा 42 इंच धरला तर मोठ्या चौकोनांना सुमारे साडेतीन मीटर कापड लागतं आणि बारक्यांना सव्वाचार मीटरहून थोडं जास्त. क्विल्ट तेवढंच, तुकडे चौपट, आणि तुमची फुलं 2 इंचांत ओळखूही येणार नाहीत. बारीक तुकडे बारीक छापासाठी आणि मुरलेल्या हातासाठी ठेवा.

तुमच्या जागी मी लॉग कॅबिन हा नमुना केला असता. मध्ये चौकोन, त्याभोवती एकामागून एक पट्ट्या, दोन लगतच्या बाजूंना फिकट आणि उरलेल्या दोन बाजूंना गडद. त्यात बहुतेक सरळ शिवणी आहेत, पट्ट्यांत लांब छाप दिसतो, आणि ब्लॉक शिवून झाल्यावरही खेळ उरतो. तेच 30 ब्लॉक फिरवून मांडले की कधी तिरपे पट्टे होतात, कधी एकात एक बसलेले शंकरपाळे. मात्र कापडांची फिकट आणि गडद अशी वाटणी आधी करायला हवी, आणि मधल्यांना कुठल्या तरी एका गटात ढकलावं लागतं. जी दोन कापडं अगदी कुंपणावर असतील ती सरळ बाजूला ठेवा. सातातली पाचच वापरली म्हणून कुणी विचारायला येत नाही. पट्ट्या शिवायचा कंटाळा असेल, तर फुलांचे मोठे चौकोन आणि फिकट प्लेन चौकोन आलटून-पालटून, हेही उत्तम दिसतं.

त्रिकोणांचे नमुने पहिल्या क्विल्टला घेऊ नका असं म्हणणार नाही, पण त्रिकोणाची तिरपी कड उरेब (धाग्यांना तिरकी कापलेली) असते आणि हातात ताणली जाते. म्हणून त्रिकोण कापून मग जोडण्यापेक्षा फिकट आणि गडद असे दोन चौकोन एकमेकांवर ठेवा, कर्णाच्या दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिवा आणि मग कर्णावर कापा. दोन तयार चौकोन मिळतात. तयार माप 6 इंच हवं असेल तर पुस्तकी हिशेब 6 पूर्णांक 7/8 इंच सांगतो. मी 7 इंचांचे कापते आणि शिवल्यावर साडेसहाला छाटते. थोडं कापड जातं, पण टोकं जुळतात.

कापडाचा पोत एक ठेवा. सुतीबरोबर सुती, जाडी साधारण सारखी. पॉलिएस्टरला सुतीची गरम इस्त्री सोसत नाही आणि ताणलं जाणारं कापड पाठीमागे चिकटवायचं अस्तर लावल्याशिवाय वापरू नये. जुने कपडे जरूर घ्या, फक्त गुडघ्या-कोपराकडचा विरलेला भाग टाळा, नाहीतर नव्या कापडाशेजारी तो आधी फाटेल. धुऊन घ्यायचं की नाही यावर मतं टोकाची आहेत. माझं मत: लाल, राणी, गडद निळा आणि गडद जांभळा हे आधी धुवाच. पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून बघा. फडक्याला रंग लागला तर पुन्हा धुवा, तरीही लागतच राहिला तर ते कापड फिकट पार्श्वभूमीच्या क्विल्टमध्ये नको. आणि धुवायचं ठरवलंत तर सगळीच धुवा. काही आटलेली आणि काही न आटलेली एकत्र आली की पहिल्या धुण्यात ब्लॉक ओढले जातात.

वरचा भाग, आतला भराव आणि पाठीचं कापड एकत्र धरणारी शिलाई वरून कशी घालणार याचाही कापडाशी संबंध आहे. छापील कापडावर टाके लपतात, प्लेनवर प्रत्येक वाकडा टाका दिसतो. हात नवखा असेल तर मोठी प्लेन जागा ठेवून तिथे वेलबुट्टी घालायला जाऊ नका, सरळ रेघा पुरेत. दोन रेघांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते बॅटिंगच्या (आतल्या भरावाच्या) वेष्टनावर लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय रेघा आखू नका.

एक ब्लॉक आधी शिवून बघा, मग बाकीचं कापा. आणि सगळे ब्लॉक झाले की जमिनीवर किंवा भिंतीवर मांडून रात्रभर तसेच राहू द्या, सकाळी खटकणारा ब्लॉक लगेच कळतो. इथे नियमांची फार भीती बाळगू नका. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या बायकांनी कामाच्या विटलेल्या कपड्यांमधून, नमुन्याला हव्या तिथे वळण देत क्विल्टं शिवली, आणि 2002 मध्ये ती ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात टांगली गेली. त्यांत काटकोन क्वचितच सापडेल. पण गडद-फिकटाची जाण मात्र प्रत्येकीत आहे.

अस्तराचं, म्हणजे क्विल्टच्या पाठीचं, कापड चारही बाजूंनी 4-4 इंच जास्त हवं, म्हणजे तुमच्यासाठी 68 बाय 80. पन्हा पुरणार नाही, जोड लागेलच. जोड उभा न देता आडवा द्या: 80 इंचांच्या दोन लांब्यांऐवजी 68 च्या दोन पुरतात आणि अर्ध्या मीटरहून जास्त कापड वाचतं.

बाइंडिंगचं, म्हणजे कडा बंद करणाऱ्या पट्टीचं, कापड आज ठरवू नका. वरचा भाग पूर्ण झाल्यावर त्याच्या कडेला दोन-तीन कापडं लावून बघा. अडीच इंचांच्या 7 पट्ट्या लागतील, म्हणजे साधारण अर्धा मीटर. नव्या गडद कापडातलं तेवढं बाजूला काढून ठेवा, बहुतेक वेळा शेवटी तेच शोभतं.