कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तात औषधांना दाद न देणारे जंतू कशामुळे होतात?

तुमच्या आईची केमो चालू आहे. असा संसर्ग कोणाला होतो आणि घरात स्वच्छता किती ठेवायची, असं तुम्ही विचारलंय. स्वच्छतेचं नाव निघालं म्हणून लिहायला बसले.

माझ्या नवऱ्याला एएमएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. केमोनंतर न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पार तळाला गेल्या, ताप चढला आणि ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू शोधायच्या तपासणीत, क्लेबसिएला नावाची जंतूंची जात निघाली. तो रिपोर्ट अजून डोळ्यांपुढे आहे. एकाखाली एक औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे 'आर', म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही. मेरोपेनेमसारख्या जोरदार अँटिबायोटिकपुढेसुद्धा 'आर'. तळाच्या दोन नावांपुढे काय तो 'एस', म्हणजे लागू पडेल असा. आणि वन्सं आयसीयूबाहेर बसून येईल-जाईल त्याला सांगत होत्या, "हिच्या ओट्यावरचं फडकं पाहिलंय का कधी?"

डॉक्टरांनी जुनी फाइल काढली. आधीच्या ॲडमिशनच्या रेक्टल स्वॅबमध्ये, म्हणजे गुदद्वारातून घेतलेल्या नमुन्यात, हीच क्लेबसिएला होती, रिपोर्टही असाच. म्हणजे जंतू आतड्यात आधीपासून मुक्काम ठोकून होता. केमोने आतड्याचं अस्तर सोललं, अडवायला पांढऱ्या पेशी नव्हत्या, तो रक्तात उतरला. फडक्याचा काडीचा संबंध नाही.

आता आतड्यात तो माजतो कसा? अँटिबायोटिकने साधे जंतू मरतात आणि दाद न देणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. म्हणून गेल्या ३ महिन्यांत कुठली अँटिबायोटिक्स घेतली, हे डॉक्टर खोदून विचारतात. आमच्याकडे जरा खोकला झाला की ती देत कोण होतं? वन्संच. पर्समधून उरलेली सेफिक्झिमची पट्टी निघायची, "दोन घे, बरं वाटेल." हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. तेव्हापासून बोलणं बंद आहे, चालेल मला.

बाकी धोके म्हणजे न्यूट्रोफिल्स ५०० च्या खाली आठवड्याहून जास्त राहणं, सेंट्रल लाइन किंवा पोर्ट (औषधांसाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी), लघवीची नळी, सारखं ॲडमिट होणं, आयसीयू, बोन मॅरो ट्रान्सप्लांट. आईचा कॅन्सर गाठीचा असेल तर न्यूट्रोफिल्स सहसा थोडेच दिवस खाली असतात, त्यामुळे धोका त्या मानाने कमी.

आईने घेतलेल्या प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव आणि तारीख एका कागदावर लिहा, जुने कल्चर आणि स्वॅबचे रिपोर्ट त्यालाच टाचा. इमर्जन्सीत पहिला डोस कुठला द्यायचा, हे त्यावरूनही ठरतं, आणि तोच चुकला तर जिवावर बेततं. ताप १०१ झाला, किंवा १००.४ वर तासभर टिकला, तर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका. रात्र असली तरी निघा.

आता खरं तेही सांगते. हॉस्पिटलमध्येही ह्यांना जोरदार अँटिबायोटिक्स दिली होती, आणि ती द्यावीच लागतात. नेमकं कशाने झालं ते कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. असे जंतू वॉर्डातूनही येतात. त्यामुळे हात धुवा, लाइनला हात लावणाऱ्यालाही धुवायला सांगा. आणि हे वाचून डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक मधेच सोडलंत तर पाप माझ्या माथी नको. उपटायची आहे ती पर्समधली पट्टी.

पाहुण्यांचं म्हणाल तर सर्दी-तापवाल्यांना दारातूनच परत पाठवा. फरशी दिवसातून एकदा पुसली तरी पुरे.