टीन टायटन्स: कार्टूनमधली पाच जणं आली कुठून?

टीन टायटन्स म्हणजे डीसी कॉमिक्समधली किशोरवयीन हिरोंची टीम. तिचं २००३ चं कार्टून आवडलं म्हणून तुम्ही जुनी कॉमिक्स उघडलीत, तर टीममध्ये ना सायबॉर्ग, ना रेव्हन, आणि वंडर गर्ल नावाची कुणी अनोळखी मुलगी. मग खरी टीम कुठली, असं विचारलंय तुम्ही. दोन्ही खऱ्याच. मधे सोळा वर्षं गेलीत.

पहिली गोष्ट १९६४ ची, ‘द ब्रेव्ह अँड द बोल्ड’ या कॉमिकच्या ५४व्या अंकातली. लेखक बॉब हेनी, चित्रं ब्रूनो प्रेमियानीची. रॉबिन, किड फ्लॅश, ॲक्वालॅड: तिघंही मोठ्या हिरोंच्या हाताखालची पोरं. टीमला नाव मिळालं पुढच्या वर्षी, ६०व्या अंकात, आणि वंडर गर्लही तिथेच आली. ती आली चुकीमुळे! वंडर गर्ल म्हणजे वंडर वुमनच, पण किशोरवयातली. हेनीने तिला वेगळी मुलगी धरून टीममध्ये घेतलं. मग ही आहे तरी कोण? त्याचं उत्तर १९६९ मध्ये मार्व्ह वुल्फमनने लिहिलं: वंडर वुमनने आगीतून वाचवलेलं अनाथ बाळ. नाव डॉना ट्रॉय.

सत्तरच्या दशकात मासिक दोनदा बंद पडलं. मग १९८० मध्ये वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी नव्या मालिकेत टीम नव्याने उभी केली. रेव्हन, स्टारफायर आणि सायबॉर्ग तेव्हाच जन्मले. बीस्ट बॉय १९६५ पासूनचा, ‘डूम पॅट्रोल’ या कॉमिकमधला, इथे त्याचं नाव चेंजलिंग.

माझ्या मते टायटन्स खरे टायटन्स झाले ते इथे, कारण ही मुलं मोठी होऊ लागली. या मालिकेचा ३८वा अंक जरूर वाचा. रॉबिन एका जुन्या बाहुलीवरून डॉनाच्या जन्माचा माग काढतो, मैत्रिणीला तिचं घर शोधून देतो. अख्ख्या अंकात मारामारी नाही, तरी खाली ठेववत नाही. लगेच पुढच्या अंकात तो रॉबिनपण सोडतो आणि १९८४ मध्ये, ४४व्या अंकात, नाईटविंग म्हणून उभा राहतो. बॅटमनची सावली सोडून स्वतःचं नाव घेणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

पडद्यावर ही टीम १९६७ मध्येच आली होती, फिल्मेशन या कार्टून कंपनीच्या छोट्या भागांत, तीही रॉबिनशिवाय. ग्लेन मुराकामीच्या २००३ च्या मालिकेने ऐंशीच्या दशकातली मंडळी घेतली आणि ६५ भाग केले. खरी नावं, घरदार बाजूला ठेवलं, टीमचा शत्रू डेथस्ट्रोक याला नुसतं स्लेड म्हटलं. काहींना हे पातळ वाटतं, मला नाही. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला स्टारफायर भविष्यात जाते आणि तिथे एकटा पडलेला नाईटविंग भेटतो, तो भाग पुन्हा बघा. कॉमिक्स वाचून झाल्यावर तो वेगळाच लागतो.

वाचायला १९८० च्या पहिल्या अंकापासूनच घ्या. टेरा नावाची नवी मुलगी २६व्या अंकात येते. कार्टूनमधली टेरा डोक्यातून काढून टाका आणि तिथून ४४पर्यंत एकही अंक गाळू नका. वाचकांनी तिच्यासोबत दीड वर्ष काढलं होतं, म्हणून तिच्या विश्वासघाताचा घाव इतका खोल गेला.