लाइनवरचा मुलगा आणि पुढची चाळीस वर्षं

प्रश्न : आम्ही डॅलसजवळ राहतो. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावीत आहे. उंची सहा फूट दोन इंच, वजन २४५ पाउंड. शाळेच्या व्हर्सिटी म्हणजे मुख्य फुटबॉल संघात डिफेन्सिव्ह टॅकल खेळतो. आणखी तीस पाउंड वाढवले तर मोठ्या कॉलेजांच्या ऑफर येतील, असं कोच सांगतात. दोन कॉलेजांचे मेसेज आलेही आहेत. त्याच्या डोक्यात मात्र एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, याशिवाय काही नाही. जीपीए (चारपैकी मोजली जाणारी गुणांची सरासरी) ३.८ वरून ३.३ वर घसरलाय. मला डोक्याच्या दुखापतीची धास्ती वाटते. त्याचे बाबा म्हणतात, तू उगाच घाबरतेस. पणजोबा कोल्हापूरच्या तालमीतले, त्यामुळे आजोबा तिकडे व्हिडिओ बघून खूश. आता कोच म्हणतात, हिवाळ्यातली कुस्ती सोडून फक्त वजनं उचल. त्याला थांबवू की खेळू देऊ?

उत्तर :

नमस्कार,

थांबवू नका. पण खेळू द्यायचं म्हणजे कोच सांगतील ते सगळं निमूटपणे होऊ द्यायचं, असं नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते घसरलेल्या जीपीएबद्दलचं वाक्य. ते तुम्ही मध्येच एका ओळीत उरकलंय, आणि माझ्या दृष्टीने निम्मं उत्तर तिथेच आहे.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक डाव सुरू होताना दोन्ही संघांच्या फळ्या हातभर अंतरावर समोरासमोर वाकून उभ्या असतात. बचाव करणाऱ्या संघाची पुढची फळी म्हणजे डिफेन्सिव्ह लाइन. चेंडू हलला की समोरच्या तीनशे पाउंडी गड्याला बाजूला सारायचं, आपल्या वाटणीची फट बुजवायची किंवा चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला थेट गाठून पाडायचं. आतल्या बाजूच्या टॅकलवर बऱ्याचदा दोघं मिळून चालून येतात. तो त्या दोघांना अडवून धरतो आणि टाळ्या मिळतात मागून मोकळा सुटलेल्या लाइनबॅकरला, म्हणजे दुसऱ्या फळीतल्या बचावपटूला. प्रत्येक डावात टक्कर ठरलेली. तुमच्या काळजीचं मूळ तिथेच आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी त्याच्या स्वप्नाचा हिशेब. देशात शाळेच्या पातळीवर सुमारे दहा लाख मुलं हा खेळ खेळतात. कॉलेजच्या तिन्ही डिव्हिजन, म्हणजे स्तर, मिळून साधारण पाऊण लाख. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सात फेऱ्यांत सगळ्या जागांची मिळून निवड होते अडीचशेच्या आसपास खेळाडूंची. बत्तीस संघ, प्रत्येकात ५३ जण, आणि या जागा आधीच भरलेल्या असतात. २०२५ च्या हंगामात नवख्या खेळाडूचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता. हा आकडा ऐकून बाबांचे डोळे चमकतील, पण तो हंगामातल्या आठवड्यांवर वाटून मिळतो. हंगामाच्या मध्येच संघातून काढलं की पुढचा चेक बंद. पहिल्या फेरीतले सोडले तर बहुतेकांच्या करारातली बरीचशी रक्कम हमीची नसते. पेन्शनचा हक्क लागायला तीन हंगाम भरावे लागतात आणि पुष्कळांची कारकीर्द तेवढ्यातच आटोपते.

तुमचा मुलगा एनएफएलमधला गाजलेला डिफेन्सिव्ह टॅकल ॲरन डोनाल्डचं नाव घेत असणारच. घेऊ द्या, पण ती गोष्ट पूर्ण ऐकू द्या. पिट्सबर्गचा हा मुलगा सहा फूट एक इंच, २८० पाउंडांच्या आसपास. टॅकलसाठी लहानखुरा, असं सगळे म्हणायचे. शाळेतून बाहेर पडताना खेळाडूंच्या मानांकनात त्याला पाचपैकी तीनच तारे मिळाले होते. गावातल्याच विद्यापीठात खेळला. २०१४ च्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत त्याने चाळीस यार्ड ४.६८ सेकंदांत काढले आणि ड्राफ्टमध्ये तेरावा गेला. पुढे तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला, सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला आणि २०२४ मध्ये बत्तिसाव्या वर्षी निवृत्त झाला. यात वजन वाढवण्याचा धडा कुठे दिसतो? त्याची कमाई होती ती हातांच्या चलाखीची आणि पहिल्या पावलाच्या वेगाची. आणि इतका लखलखीत खेळाडूसुद्धा बत्तिसाव्या वर्षी मोकळा झाला. माणसाचं काम करायचं वय त्यानंतर निदान तीस-पस्तीस वर्षं उरतं.

म्हणून मी तुमच्या मुलापुढे दुसरं नाव ठेवतो : ॲलन पेज. मिनेसोटा व्हायकिंग्जचा डिफेन्सिव्ह टॅकल. १९७१ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बचावपटूला तो मान त्याआधी कधी मिळाला नव्हता. कायद्याच्या शिक्षणाचा पहिला प्रयत्न त्याने काही आठवड्यांतच सोडून दिला होता. नंतर खेळत असतानाच मिनेसोटा विद्यापीठात पुन्हा नाव घातलं आणि १९७८ मध्ये पदवी घेतली. त्याच सुमारास त्याला लांब पल्ल्याच्या धावण्याचा नाद लागला, वजन उतरलं, ते काही केल्या वाढवायला तो तयार होईना आणि व्हायकिंग्जने त्याला सोडून दिलं. शिकागो बेअर्सनी उचललं, तिथे १९८१ पर्यंत खेळला. खेळता खेळताच वकिली सुरू केली होती. पुढे राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात गेला आणि १९९३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे सत्तरीच्या सक्तीच्या निवृत्तीपर्यंत, मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होता. लाइनवर पंधरा हंगाम, न्यायासनावर बावीस वर्षं. २०१८ मध्ये त्याला प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. हा माणूस मला मोठा वाटतो तो वजनाच्या त्या हट्टामुळे. शरीर आपलं आहे, संघाचं नाही, हे त्याला ऐन कारकिर्दीत कळलं होतं.

एक मात्र खरं, आजचा खेळाडू हंगाम संपल्यावर तितका मोकळा नसतो. वसंतातले सराव, जिम, बैठका वर्षभर चालू असतात. त्यामुळे शिक्षणाचा मोठा हिस्सा आता कॉलेजातच पदरात पाडून घ्यावा लागतो. पहिलं वर्ष बहुतेक बाकावर काढून पाच वर्षं राहिला, तर पदवी आणि मास्टर्स दोन्ही होऊ शकतं. ऑफेन्सिव्ह लाइनवर खेळणाऱ्या जॉन उर्शेलने पेन स्टेट विद्यापीठात गणिताच्या दोन्ही पदव्या अशाच घेतल्या.

उर्शेलचं नाव निघालंच आहे, तर आता तुमच्या भीतीबद्दल. बाबांना सांगा, तुम्ही उगाच घाबरत नाही. बॉस्टन विद्यापीठाने २०१७ मध्ये मृत एनएफएल खेळाडूंचे १११ मेंदू तपासल्याचं प्रसिद्ध केलं. ११० मध्ये सीटीई हा मेंदू झिजवणारा आजार आढळला. हे मेंदू बहुतांशी आधीच त्रास दिसलेल्या खेळाडूंच्या कुटुंबांनी दिलेले होते, त्यामुळे हेच प्रमाण सगळ्यांना लावता येत नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखंही ते नाही. लाइनवरच्या खेळाडूला एखादा मोठा फटका बसण्यापेक्षा प्रत्येक डावात बसणारे बारीक धक्के जास्त असतात, आणि ते वर्षानुवर्षं साचत जातात. उर्शेलला एकदा सरावात डोक्याला मार लागला, तेव्हा काही काळ त्याला वरच्या पातळीचं गणित जमेना. बॉस्टनचा तो अहवाल आल्यावर दोन दिवसांतच तो सव्वीसाव्या वर्षी एनएफएलमधून निवृत्त झाला. आज तो एमआयटीत गणित शिकवतो.

कोचना भेटाल तेव्हा "सुरक्षित आहे ना?" असं विचारू नका, उत्तर "हो"च येईल. आठवड्यात अंगावर येऊन धडकण्याचा सराव किती मिनिटं होतो, डोक्याला मार लागल्यावर पुन्हा मैदानात सोडायचा निर्णय कोण घेतं, कोच की ट्रेनर आणि डॉक्टर, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर तेवढ्या एका कारणासाठी शाळेच्या संघातून काढायलाही मागेपुढे पाहू नका.

तीस पाउंडांचा आग्रहही मला मान्य नाही. सोळाव्या वर्षी सकाळ-संध्याकाळ शेक आणि पिझ्झा ढकलून वाढवलेलं वजन बहुतेक पोटावर जातं. पहिलं पाऊल जड होतं, रक्तदाब आणि झोपेत घोरून श्वास अडकण्याची तक्रार मागे लागते. आपल्या भारतीय घरांत मधुमेहाचा इतिहासही असतोच, तो डॉक्टरांना सांगा. खेळाडूंच्या डॉक्टरकडून एकदा तपासून घ्या आणि वजन त्याच्या वाढीच्या वेगाने वाढू द्या. कॉलेजला मुलगा हवा असेल तर त्यांचे आहारतज्ज्ञ पुढचं बघतील. उंची आणि पायांची चपळाई असली की वजन नंतरही चढतं.

आता जीपीएकडे. डिव्हिजन वन या सर्वांत वरच्या स्तरावर खेळायला सोळा कोअर विषय आणि त्यांत किमान २.३ लागतो, हे कोचने सांगितलं असेल. मुलगा त्यावरच निर्धास्त झालाय, असा माझा संशय आहे. २.३ हे दाराचं उंबरठ्याएवढं माप आहे. ३.८ असता तर त्याच्यासाठी वेगळीच दारं उघडतात. हार्वर्ड-येलसारख्या विद्यापीठांची आयव्ही लीग खेळाची स्कॉलरशिप देत नाही, पण उत्पन्न पाहून भरघोस मदत देते आणि प्रवेशाच्या वेळी कोचच्या शब्दाला वजन असतं. डिव्हिजन थ्रीमध्येही खेळाची स्कॉलरशिप नसते, पण शिकागो विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, अगदी एमआयटी, या सगळ्यांचे फुटबॉल संघ त्यात खेळतात. तिथे २४५ पाउंडांचा टॅकल पुरेसा मोठा ठरतो. आणि मोठ्या संघांचे कोच हल्ली ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, तयार, वयाने मोठे खेळाडू उचलतात, त्यामुळे शाळेतल्या मुलांच्या वाट्याच्या जागा आक्रसल्या आहेत. आलेले मेसेज म्हणजे ऑफर नव्हे, आणि ऑफरसुद्धा सही होईपर्यंत तोंडचा शब्दच.

जाता जाता, अशाच परिस्थितीतल्या इतर पालकांसाठी : मूल एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर कॉलेजात नाव-प्रतिमेचे, म्हणजे जाहिराती वगैरेंसाठी खेळाडूचं नाव आणि चेहरा वापरण्याचे, पैसे घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचाराच. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, तेही ध्यानात असू द्या. तुमचा मुलगा इथेच जन्मला असेल तर हा प्रश्न नाही.

त्याच्याशी बोलताना "एनएफएल विसर" म्हणू नका. त्या वयात तेवढं एकच वाक्य त्याला ऐकू येईल. दोन याद्या करायला सांगा. एकीत त्याच्या स्वप्नातली कॉलेजं, दुसरीत गुडघा उद्याच गेला तरी जिथे चार वर्षं आनंदाने शिकेल अशी. दोन्हींत येणारी नावं आधी धरा, आणि जीपीए ३.६ च्या वर येईपर्यंत फुटबॉल कॅम्पचे पैसे भरू नका. हे त्याला शिक्षेसारखं वाटणार, वाटू द्या.

राहिली कुस्ती. ती अजिबात सोडू देऊ नका. खाली राहून समोरच्याचा तोल काढणं, हात झटकणं, मनगट धरणं, पायांवरून ताकद काढणं, लाइनवर नेमकं हेच लागतं आणि जिमच्या बारवर ते येत नाही. लाइनमन शोधणाऱ्या कॉलेज कोचना कुस्तीगीर आवडतात. त्या दोन कॉलेजांना मेसेजच्या उत्तरात फुटबॉलच्या फिल्मबरोबर त्याच्या कुस्तीचाही एक व्हिडिओ पाठवा. कोच ऐकत नसतील तर हिवाळ्यात आठवड्याचे दोन दिवस वजनं आणि बाकीचे मॅटवर, अशी तडजोड सुचवून बघा.