परदेशातले सोमाली, त्यांची कुळं आणि त्यांचे धावपटू

तुम्ही लिहिलंय की पुण्यात तुमच्या कॉलेजात काही सोमाली मुलं आहेत, तिकडच्या लढाईबद्दल विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. परदेशातल्या सोमाली लोकांना त्यांच्या देशातल्या लढाया आणि टोळ्यांचं राजकारण याबद्दल खरं काय वाटतं, आणि त्यांचे चांगले धावपटू दुसऱ्याच देशांकडून का धावतात, असा तुमचा प्रश्न आहे.

मी मिनिआपोलिसमध्ये राहतो. अमेरिकेतली सर्वांत मोठी सोमाली वस्ती याच भागात आहे. मी औषधाच्या दुकानात काम करतो आणि आमची बरीच गिऱ्हाइकं सोमाली आहेत. माझा मुलगा शाळेच्या संघातून लांब पल्ल्याचं पळतो. त्याच्या संघात सोमाली मुलं आहेत, त्यामुळे शर्यतींच्या दिवशी मैदानाच्या कडेला त्यांच्या आईवडिलांशी गप्पा होतात. मी लिहितोय ते या ओळखींमधून आणि त्यामुळे लागलेल्या वाचनाच्या नादातून.

उत्तरं वेगळी येणारच, कारण परदेशातला सोमाली माणूस लांबून लढाई बघत बसलेला नसतो. तिचा खर्च बऱ्याचदा त्याच्याच खिशातून जातो.

आधी 'टोळ्या' हा शब्द बाजूला ठेवू. बहुतेक सोमाली लोकांची भाषा एक, धर्म एक, बहुतेक सगळे सुन्नी मुसलमान. दारोद, हाविये, इसाक, दिर आणि राहनवेन ही मोठी कुळं, त्यांच्या शाखा, शाखांच्या उपशाखा. बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं असं करत मूळ पुरुषापर्यंतची नावं मुलांना पाठ करायला लावतात. यातली रोजच्या जगण्यात खरी कामाला येते ती सर्वांत खालची पायरी, म्हणजे आपल्याकडची भावकी. आपल्या भावकीचा संबंध आता लग्न, सुतक आणि बांधावरचं भांडण एवढाच उरलाय. त्यांची भावकी मात्र अजून पोलीस, कोर्ट आणि विमा कंपनी अशी तिन्ही कामं करते. कोणाच्या हातून खून झाला किंवा गाडीखाली माणूस गेला, तर भरपाई एकटा गुन्हेगार देत नाही, सगळी भावकी मिळून देते. पुरुषासाठी जुना दर १०० उंट, बाईसाठी त्याच्या निम्मा. आता हिशेब बहुधा डॉलरमध्ये होतो.

आमच्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येणारे एक टॅक्सीवाले काका आहेत. एकदा काउंटरवर उभे असतानाच त्यांना फोन आला. सोमालियातल्या गालकायोजवळ त्यांच्या भावकीतल्या एका पोराच्या ट्रकखाली माणूस गेला होता. काकांनी फोन ठेवला आणि मला व्हॉट्सॲपवरची यादी दाखवली. लंडन, टोरांटो, नैरोबी, केपटाऊन, आणि प्रत्येक नावापुढे रक्कम. ज्यांनी भरली त्यांच्यापुढे खूण, ज्यांनी नाही त्यांची नावं सगळ्यांना दिसतील अशी. मेलेल्या माणसाला काकांनी कधी पाहिलं नव्हतं, ट्रक चालवणाऱ्या पोरालाही नाही. संध्याकाळी ते कारमेल मॉलमधल्या हवालावाल्याकडे पैसे भरून आले. तिकडे ते काही मिनिटांत मोबाइलवर पोचतात.

मी विचारलं, नाही भरले तर? ते म्हणाले, "मग माझ्या आईला काही झालं तर तिच्यासाठी कोण उभं राहील?" त्यांची आई अजून तिकडेच आहे.

त्यामुळे 'हे लोक सुशिक्षित देशांत राहूनही कुळं का सोडत नाहीत' असं कोणी विचारलं की मला राग येतो. १९९१ च्या जानेवारीत हुकूमशहा सियाद बर्रेची राजवट कोसळली आणि सरकार नावाची वस्तूच उरली नाही. ज्यांना भावकी होती ते तगले. ज्यांच्या मागे शस्त्रं असलेलं कुळ नव्हतं, त्यांचे हाल कुत्र्याने खाल्ले नाहीत. दक्षिणेतले बांटू शेतकरी, किनाऱ्यावरच्या ब्रावा गावचे व्यापारी, लोहारकाम आणि चामड्याचं काम करणाऱ्या जाती यांना कोणीही यावं आणि लुटून जावं अशी स्थिती होती. पुढे अमेरिकेने सुमारे १२ हजार सोमाली बांटूंना आश्रय दिला. त्यांच्याशी बोललात तर पहिल्याच वाक्यात कळतं की त्यांच्या लेखी बाकीच्या सगळ्या सोमाली कुळांत फारसा फरक नाही.

पण जी यादी अपघाताची भरपाई गोळा करते, तीच यादी बंदुकीच्या गोळ्यांसाठीही पैसे गोळा करते. २०२३ च्या फेब्रुवारीत लास अनोद या गावात लढाई पेटली. हे गाव सोमालीलँडच्या ताब्यात होतं. सोमालियाच्या उत्तरेकडच्या या सोमालीलँडने १९९१ पासून आपलं वेगळं राज्य चालवलंय. तिथे इसाक कुळ बहुसंख्य आहे, तर लास अनोद धुलबहांते या दारोद शाखेचं. तिथल्या वडीलधाऱ्यांनी जाहीर केलं की आम्हाला मोगादिशूच्या, म्हणजे सोमालियाच्या सरकारबरोबर राहायचंय. मग तोफा सुरू झाल्या. दीड लाखाहून जास्त माणसं घर सोडून गेली. ऑगस्टच्या अखेरीस सोमालीलँडचं सैन्य गावाबाहेरच्या तळावरून हुसकलं गेलं. त्या महिन्यांत इथे दोन्ही बाजूंचे लोक पैसे जमवत होते. औषधांसाठी म्हणून जमवायचे, आणि औषधं खरंच जायचीही, पण गेलेला प्रत्येक डॉलर कुठे पोचला हे देणाऱ्यालाही माहीत नसायचं. माझ्या मुलाच्या संघातल्या दोन मुलांचे वडील, एक सोमालीलँडच्या राजधानीचे, हर्गेसाचे, आणि एक लास अनोदचे, तो सबंध हंगाम मैदानाच्या दोन टोकांना उभे राहायचे. मुलं मात्र एकाच गाडीतून यायची.

हर्गेसाच्या माणसांची बाजू समजून घ्यायची तर १९८८ मध्ये जावं लागतं. बर्रेच्या विमानांनी त्या वर्षी हर्गेसा शहर बेचिराख केलं. विमानं हर्गेसाच्याच विमानतळावरून उडायची, बाजूच्याच शहरावर बॉम्ब टाकायची आणि परत तिथेच उतरायची. कोसळलेलं एक मिग विमान आज शहराच्या मधोमध स्मारक म्हणून उभं आहे. तेव्हा पळालेल्या बाईला तुम्ही 'सोमालिया एक असावा' असं सांगायला गेलात तर ती दार लावून घेईल. आणि लास अनोदच्या माणसाला 'सोमालीलँडमध्ये शांतता आहे, लोकशाही आहे' असं सांगितलंत तर तो २०२३ चे फोटो काढून दाखवेल. दोघंही खरं सांगतायत. म्हणूनच तुम्हाला वेगवेगळी उत्तरं मिळतात.

राजकारणाबद्दल मात्र बहुतेकांचा सूर एकच लागतो, कंटाळ्याचा. १९६९ च्या मार्चमध्ये तिथे १२३ जागांसाठी साठाहून जास्त पक्ष लढले आणि बरेचसे पक्ष म्हणजे एकेक भावकीच होती. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांचा खून झाला, पाठोपाठ लष्कराने सत्ता घेतली. बर्रेने कुळाचं नाव घेण्यावरही बंदी आणली आणि स्वतः मात्र आपल्या, आईच्या आणि जावयाच्या कुळावर राज्य चालवलं. सन २००० मध्ये जिबूतीतल्या आर्ता गावी झालेल्या परिषदेतून साडेचारचं सूत्र आलं: चार मोठ्या कुळांना सारखा वाटा (यात इसाक दिरमध्येच धरले), आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. पुढे २७५ जणांच्या सभागृहात चार कुळांना प्रत्येकी ६१ आणि बाकीच्यांना ३१ अशी वाटणी झाली. १९६९ नंतर तिथली संसद बहुपक्षीय थेट मतदानाने निवडलेली नाही. इथली तरुण मुलं या सूत्राला शिव्या घालतात. वयस्कर लोक म्हणतात, वाईट आहे, पण ते काढलं तर उद्या सकाळी लढाई. मला स्वतःला वाटतं की सूत्रातला तो 'अर्धा' हा उघड अन्याय आहे. तो आधी दुरुस्त करायला हवा, बाकीचं मग बघता येईल.

या राजकारणात परदेशातले लोक थेट उतरतात. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले फर्माजो त्याआधी न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत सरकारी वाहतूक खात्यात नोकरी करत होते. त्यांचे पंतप्रधान नॉर्वेतून आले होते. देशात राहिलेल्यांना याचा राग आहे, आणि तो मला रास्त वाटतो. बॉम्ब त्यांच्या डोक्यावर पडतात आणि खुर्चीवर विमानाने आलेला माणूस बसतो.

तिथल्या अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याबाबत मला भेटलेल्यांमध्ये दोन मतं नाहीत. १४ ऑक्टोबर २०१७ ला मोगादिशूच्या झोबे चौकात ट्रकचा स्फोट झाला आणि पाचशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा इथे जी वर्गणी जमली ती कोणी कोणाचं कुळ न विचारता जमली. असं मी फार वेळा पाहिलेलं नाही. उलट अलीकडे टिकटॉकवर दोन कुळांचे लोक समोरासमोर येतात, एकमेकांचा उद्धार करतात आणि कोणाच्या बाजूने जास्त पैसे पडतात याची चढाओढ लावतात. त्यात इथेच जन्मलेली, सोमालियाची माती न पाहिलेली पोरं असतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता धावपटूंचं. अब्दी बिले हे नाव तुमच्या वर्गमित्रांना नक्की माहीत असेल. १९८७ ची रोममधली जागतिक स्पर्धा, १५०० मीटर. गतविजेता ब्रिटनचा स्टीव्ह क्रॅम आठवा आला आणि बिले सोन्याचं पदक घेऊन गेला, तेही ज्या इटलीने दक्षिण सोमालियावर राज्य केलं तिच्या राजधानीत. सोमालियाच्या झेंड्याखाली जागतिक स्पर्धेत मिळालेलं ते एकमेव सुवर्ण. आणि बिलेचं जन्मगाव लास अनोद. तो तेव्हा अमेरिकेत व्हर्जिनियाच्या विद्यापीठात शिकत, तिथेच सराव करत होता. पुढच्याच वर्षी हर्गेसावर बॉम्ब पडले.

त्यानंतर धावायला मैदान कुठे राहिलं? सामिया युसूफ ओमर १७ वर्षांची असताना २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावली. ३२.१६ सेकंद. बाकीच्या सगळ्या जणी कधीच पोचल्या होत्या आणि अख्खं स्टेडियम तिच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. मोगादिशूत ती ज्या मैदानावर सराव करायची तिथे तोफगोळ्यांचे खड्डे होते. लंडन ऑलिंपिक गाठायचं म्हणून ती इथिओपियात प्रशिक्षक शोधायला गेली, तिथून सुदान, लिबिया, आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये युरोपकडे निघालेल्या बोटीवरून समुद्रात बुडाली. त्याच महिन्यात मोगादिशूच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झालेल्या स्फोटात सोमाली ऑलिंपिक समितीचे आणि फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष मारले गेले. सामियाबद्दल कोणी बोलायला लागलं की आमच्या दुकानातल्या बायका डोळे पुसतात.

त्यामुळे 'दुसऱ्या देशांकडून का धावतात' याचं उत्तर सरळ आहे. त्यातले बहुतेक लहानपणीच देश सोडून गेले. आखाती देशांनी पैसे देऊन नेलेल्या केनियन धावपटूंशी त्यांची गल्लत करू नका. मोगादिशूत जन्मलेला बशीर अब्दी बेल्जियमच्या गेंट शहरात वाढला, अब्दी नागीये नेदरलँड्समध्ये, मोहम्मद अहमद कॅनडात. ब्रिटनचा धावपटू मो फराह, त्याचं तर नावही त्याचं नव्हतं. २०२२ मध्ये त्याने सांगितलं की तो हुसेन अब्दी काहिन, वडील तो चार वर्षांचा असताना युद्धात गेले, आणि नऊ-एक वर्षांचा असताना त्याला दुसऱ्याच मुलाच्या नावावर ब्रिटनला आणून घरकामाला जुंपलं होतं. शाळेतल्या खेळाच्या शिक्षकाला त्याने हे सांगितलं आणि त्यांनी त्याला सोडवलं.

टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन साप्पोरोत झाली, तेव्हा इथे शनिवारची संध्याकाळ होती. मी सोमाली चहाच्या दुकानात बसून पाहिली. वेलदोडा-दालचिनी घातलेला दुधाचा चहा, भिंतीवरचा टीव्ही, आत उभं राहायलाही जागा नाही. केनियाचा किपचोगे केव्हाच पुढे निघून गेला होता. मागे रौप्य-कांस्यासाठी नागीये, बशीर आणि केनियाचाच चेरोनो. शेवटच्या टप्प्यात नागीये मागे वळून बशीरला हाताने खुणावू लागला, चल, ये, सोडू नकोस. स्वतःचं रौप्य धोक्यात असताना! नागीये दुसरा, दोन सेकंदांनी बशीर तिसरा, आणखी दोन सेकंदांनी चेरोनो चौथा. डच झेंडा आणि बेल्जियन झेंडा वर गेले आणि दुकानातल्या लोकांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. एका म्हाताऱ्याने तेवढ्यातही विचारलंच, ही पोरं कोणत्या कुळातली? शेजारच्या बाईने त्याच्या खांद्यावर चापट मारून त्याला गप्प केलं.

याच लोकांचा २०२३ मधला संतापही मी पाहिला. चीनमधल्या चेंगडूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सोमालियाकडून १०० मीटर धावलेल्या मुलीला २१.८१ सेकंद लागले. त्या मुलीला जगभर हसले, पण ती चूक तिची नव्हती. क्रीडा खात्याने ॲथलेटिक्स महासंघाच्या अध्यक्षांवर नातलगांना पुढे केल्याचा ठपका ठेवून त्यांना निलंबित केलं. आमच्या टॅक्सीवाल्या काकांचं म्हणणं होतं, सामियाने ज्या धावपट्टीसाठी जीव दिला ती अशी वाटून टाकायची नसते.

तुमच्या वर्गमित्रांशी बोलताना एवढं करा: कुळ विचारू नका, गाव विचारा. हर्गेसा किंवा बुराओ असं सोमालीलँडमधलं गाव म्हणाला तर त्याच्या देशाला तो स्वतः काय म्हणतो ते ऐका आणि तेच नाव वापरा. घरी पैसे पाठवतोस का, की घरून येतात, हे ओळख वाढल्यावर विचारा. पुण्यात शिकणाऱ्या मुलाची फी बहुधा मिनिआपोलिस किंवा लंडनमधला कोणी काका किंवा मामेभाऊ भरत असेल. आणि तो मामेभाऊ अजून कोणाकोणासाठी पैसे भरतो, हे त्याने सांगितलं तर नीट ऐकून घ्या.