‘फी केस लागल्यावर द्या’

भांडुपहून एका ताईंचे पत्र आले आहे. थोडक्यात हकिगत अशी. त्यांचे मिस्टर मशीद बंदरला घाऊक दुकानात कामाला होते. गेल्या जुलैत सकाळच्या गर्दीत घाटकोपर आणि विद्याविहारच्या मध्ये ते लोकलच्या दारातून खाली पडले. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. महापालिकेच्या रुग्णालयात, वॉर्डातच, एक गृहस्थ येऊन भेटले. ‘रेल्वेकडून वीस लाख काढून देतो, वकील आमचेच आहेत, आत्ता एक पैसा नको, केस लागली की तीस टक्के द्या,’ असे म्हणून तीन-चार कागदांवर मिस्टरांच्या सह्या घेतल्या आणि डिस्चार्ज कार्ड व मूळ पास घेऊन गेले. आता तेच गृहस्थ सही केलेले दोन कोरे चेक मागत आहेत. ताईंचे प्रश्न असे: हा माणूस खरा का? नसेल तर बरा वकील ओळखायचा कसा? शेजारणीचा भाचा वकील आहे, भाडेकरार आणि रजिस्ट्रेशनची कामे करतो, त्याच्याकडे जावे का? आणि घरात कमावते कोणी नसताना फी आणायची कुठून?

ताई, चेक देऊ नका. आधी एवढे नक्की करा, मग पुढचे वाचा.

वीस लाखांचे पाहू. लोकलमधून पडून झालेल्या दुखापतीची भरपाई रेल्वे कायदा 1989 च्या कलम 124-अ खाली मिळते आणि तिचे दर नियमांतच ठरलेले आहेत. 1 जानेवारी 2017 पासून मृत्यूसाठी आणि अगदी गंभीर दुखापतींसाठी 8 लाख, आणि त्याखाली परिशिष्टातल्या यादीप्रमाणे कमी. पाय गुडघ्याखाली कापला असेल तर उरलेला भाग किती लांब आहे यावरही रक्कम बदलते. यादीत 8.89 सेंटिमीटर, 12.70 सेंटिमीटर असे टप्पेच दिले आहेत. म्हणजे वकील कितीही नावाजलेला असला तरी तो हा आकडा वीस लाखांवर नेऊ शकत नाही. मोटार अपघाताच्या दाव्यात पगार, वय, पुढची कमाई यांवरून रक्कम ठरते, तिथे वकिलाच्या मांडणीने फरक पडतो. इथे फार तर व्याजाचा मुद्दा उरतो. तेव्हा पहिल्या भेटीत ज्याने मोठा आकडा सांगितला, त्याला एकतर कायदा माहीत नाही किंवा तुम्हाला तो माहीत नाही हे त्याला पक्के ठाऊक आहे. वॉर्डात फिरणारी माणसे बहुधा या दुसऱ्या प्रकारची असतात.

मग वकील लागतो कशाला? दोन गोष्टी सिद्ध करायला. मिस्टर त्या गाडीचे वैध प्रवासी होते, आणि ते गाडीतून पडले. रेल्वेचा बचाव ठरलेला असतो: हा प्रवासी नव्हताच, रूळ ओलांडत होता, गाडीची धडक बसली. दारात उभा होता म्हणजे त्याचीच चूक, हेही येते. पण तो मुद्दा आता टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली रीना देवी यांच्या प्रकरणात सांगितले आहे की निष्काळजीपणा म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे. तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. दावेदाराने प्रतिज्ञापत्रावर हकिगत मांडली की उलट सिद्ध करण्याचा भार रेल्वेवर जातो. स्वतः दारू प्यायलेला असणे, आत्महत्येचा प्रयत्न, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य अशी मोजकी कारणे असली तरच भरपाई नाकारता येते.

म्हणून ही केस कागदांवर उभी राहते किंवा पडते, आणि वकिलाची पारखही तिथेच होते. पहिल्या भेटीत तो काय सांगतो त्यापेक्षा काय विचारतो ते ऐका. पास कुठून कुठपर्यंतचा होता, त्या तारखेला चालू होता का, मोबाइलवर काढला होता का? मोबाइलवरचा असेल तर ॲपमध्ये नोंद अजून सापडेल. पडल्यावर कोणी उचलले, स्टेशन मास्तरचा मेमो निघाला का, लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा कुठे आहे, रेल्वे सुरक्षा दलाने चौकशी करून डीआरएमकडे, म्हणजे विभागीय रेल्वे व्यवस्थापकाकडे, अहवाल दिला का? हे न विचारता जो थेट वकीलपत्र पुढे सरकवतो, त्याच्याकडून पुढे फार अपेक्षा ठेवू नका.

त्यातही एका कागदाकडे नीट पाहणारा वकील मिळाला तर तो सोडू नका. अपघात विभागात रुग्ण आणला की ड्युटीवरचा डॉक्टर केसपेपरच्या वरच एक ओळ खरडतो. ती ‘फॉल फ्रॉम रनिंग ट्रेन’ अशी असेल तर अर्धे काम झाले. ‘हिट बाय ट्रेन’ किंवा नुसते ‘रेल्वे ॲक्सिडेंट’ असेल तर रेल्वेचा वकील उलटतपासणीत तीच ओळ तुमच्या मिस्टरांसमोर धरणार. ज्या हमालाने किंवा पोलिसाने त्यांना आणले, त्याने जे सांगितले ते डॉक्टरने लिहिले. डॉक्टरने अपघात पाहिलेला नसतो. चांगला वकील ही ओळ दावा दाखल करण्याआधी वाचतो आणि तिचे उत्तर प्रतिज्ञापत्रातच देऊन ठेवतो. शस्त्रक्रियेच्या नोंदीत पायाच्या उरलेल्या भागाची लांबी लिहिली आहे का, हेही तो पाहतो, कारण रक्कम त्यावर ठरते.

वकिलाला तुम्हीही विचारा. हे दावे जिथे चालतात त्या रेल्वे क्लेम ट्रिब्युनलसमोर तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनिअरला पाठवणार? रेल्वेच्या पॅनेलवर, म्हणजे रेल्वेच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांच्या यादीत, तर नाही ना? सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, तिचा क्रमांक काय? यात संकोच करण्यासारखे काही नाही, सनद क्रमांक वकीलपत्रावर लिहावाच लागतो आणि बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे त्याची खात्री करता येते. आणखी एक सोपा मार्ग सांगतो, जो कोणी वापरत नाही: रेल्वे क्लेम ट्रिब्युनलच्या मुंबई खंडपीठात एक दिवस जाऊन मागे बसा. सुनावणी उघड असते. कोण तयारीने येतो, कोण पुढची तारीख मागून निघून जातो, हे ओळखायला कायद्याचे शिक्षण लागत नाही.

तीस टक्क्यांबद्दल. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला निषिद्ध आहे. दलाल पाठवून अशिले मिळवणेही निषिद्ध आहे. हे केवळ कागदावरचे नियम नाहीत. बी. सुनीता यांच्या प्रकरणात, डिसेंबर 2017 मध्ये, एका वकिलाने अपघाताच्या भरपाईवर टक्केवारीने फी लावून त्यापोटी चेक घेतला होता आणि तो न वटल्यावर अशिलावरच फौजदारी केस लावली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती केस रद्द केली. कोरे चेक कशासाठी मागतात ते आता लक्षात आले असेल. भरपाई मिस्टरांच्या खात्यात जमा होणार, त्यातून टक्के काढून घेण्याची ही आगाऊ सोय आहे. चेकबरोबर पासबुक किंवा एटीएम कार्ड मागितले तर तेही देऊ नका.

खरे सांगायचे तर टक्केवारीचा धंदा चालतो त्याचे कारण लोकांचा भोळेपणा नाही. हातात रोख नसलेल्या घराला ‘आत्ता काही नको’ हे शब्द ऐकून बरे वाटतात, आणि प्रामाणिक वकील मात्र पहिल्या दिवशी थोडी फी मागतो. त्याची फी एकरकमी ठरवा आणि टप्प्याटप्प्याने द्या: दाखल करताना इतकी, साक्षीच्या वेळी इतकी, युक्तिवादाला इतकी. टायपिंग, झेरॉक्स, नोटरीचा खर्च त्यात धरला आहे की वेगळा, हे लिहून घ्या आणि पावती मागा. वकीलपत्रावर वकिलाचे नाव भरल्याशिवाय सही नको, आणि तडजोड करण्याचा व दावा मागे घेण्याचा अधिकार देणारी ओळ नको असेल तर ती खोडून मग सही करा.

पण तुमच्या बाबतीत फी द्यावीच लागेल असेही नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. 15100 या हेल्पलाइनवर फोन करा किंवा मुंबईच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. तिथे मिळणारे वकील सारखेच तयारीचे नसतात, हे मी लपवत नाही. वर सांगितलेले प्रश्न त्यांनाही विचारा. काम होत नसेल तर वकील बदलून मागता येतो. कायद्याने तुम्ही वकिलाशिवाय स्वतःही उभे राहू शकता, पण समोर रेल्वेचा वकील आणि उलटतपासणी असताना तसे करू नका.

मोफत वकिलाच्या अर्जाला अपंगत्वाचा दाखला लागेल, तो आधी काढा. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करायचा आणि तपासणीला बोलावले की जायचे. दाखला, कृत्रिम पाय, रेल्वेची सवलत, संजय गांधी निराधार योजना, यांपैकी कशालाही वकील लागत नाही. ‘दाखल्यात टक्के वाढवून आणतो’ म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरा. रेल्वेची भरपाई त्या टक्क्यांवर ठरत नाही, आणि खोट्या दाखल्याने खरा दावाही गमावाल.

आता गेलेल्या कागदांचे. त्या गृहस्थांनी मिस्टरांच्या नावाने दावा आधीच दाखल केला आहे का, हे खंडपीठाच्या कार्यालयात नावाने विचारून घ्या. केला असेल तर दुसरा दाखल करू नका, त्याच दाव्यात वकील बदला. जुना वकील ना-हरकत देत नसेल तर नव्या वकिलाने ट्रिब्युनलची परवानगी घ्यायची. नसेल केला, तर वकीलपत्र रद्द करत असल्याचे आणि कागद परत मागत असल्याचे पत्र मिस्टरांच्या सहीने स्पीड पोस्टाने पाठवा. फी थकली म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच, आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात, ठरवले आहे. इथे तर फीच ठरवायला नको होती तशी ठरली. तरी कागद येतील या भरवशावर बसू नका. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातून केसपेपरच्या आणि लोहमार्ग पोलीस ठाण्यातून पंचनाम्याच्या प्रमाणित नकला काढा.

फसवणाऱ्या वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे तक्रार करता येते. ग्राहक आयोगात मात्र जाता येत नाही. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलाच्या सेवेला ग्राहक कायद्यातून वगळले. म्हणून निवडतानाच वेळ घालवलेला परवडतो.

शेजारणीच्या भाच्याकडे केस देऊ नका, पण त्याला सोबत न्या. वकीलपत्र वाचणे, मागणीपत्राचा मसुदा करणे, नकलांचे अर्ज भरणे ही कामे तो नीट करील, आणि ओळखीचा म्हणून तुमच्याबरोबर खंडपीठात येऊन बसेलही. साक्ष, उलटतपासणी आणि रेल्वेचे अहवाल हे रोज हाताळणाऱ्याचे काम आहे.

एक तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. दावा अपघातापासून एक वर्षाच्या आत दाखल व्हावा लागतो. आठ महिने गेले आहेत. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो, पण ते ट्रिब्युनलच्या मर्जीवर आहे. नकलांचे अर्ज या आठवड्यातच द्या. वकील पुढच्या महिन्यात ठरला तरी चालेल.