वाचकांचे प्रश्न: दिवा आपोआप लागतो, मग राखणदार कशाला?

प्रश्न : ताई नमस्कार, माझी लेक अन् जावई मेलबर्नला असतात, दोघांच्या नोकऱ्या चांगल्या चालू होत्या अन् आता म्हणतात की टास्मानियाजवळच्या बेटावर दीपगृहाचे व्हॉलंटियर म्हणून सहा महिने जायचा अर्ज केलाय, पगार शून्य! दिवा आपोआप लागतो असंही तीच सांगते, मग हे दोघं तिथे काहून चालले? तिचे बाबा तर बोलायलाच तयार नाहीत.
– एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : वहिनी, बेटाचं नाव तुम्ही लिहिलं नाही पण वर्णनावरून ते मॅटसायकर दिसतंय. टास्मानियाच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आहे, दीपगृह 1891 चं, ऑस्ट्रेलियातलं सगळ्यात दक्षिणेकडचं. मोठा दिवा 1996 मध्येच बंद केला अन् त्याचं काम आता छोटा ऑटोमॅटिक दिवा करतो, त्यामुळे रात्री जागून दिव्याकडे बघत बसणं वगैरे काही नाही. राखायचं असतं ते बाकीचं सगळं.

म्हणजे काय, तर जुनी राहती घरं, बुरूज, पायवाटा अन् मुख्य म्हणजे गवत! पाऊस तिथे सारखा येत असतो, वारा असा की बाहेर ठेवलेली वस्तू जागेवर सापडेल याची गॅरंटी नाही, अन् गवत एका टोकाने कापत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचं परत वाढलेलं. त्यात भर म्हणून रंग उडालेल्या खिडक्या खरवडायच्या, नाल्या साफ करायच्या, बाहेरून येऊन माजलेलं तण उपटायचं, काचेवरचं खारं पुसायचं. शिवाय रोज ठरलेल्या वेळी हवामानाच्या नोंदी करून तिथल्या हवामान खात्याला कळवायच्या. वारा-तापमान मशीन मोजतं, पण ढग कोणते अन् किती हे माणूसच मान वर करून बघणार, ताप असो की कंटाळा.

आता खाण्याचं. सहा महिन्यांचा किराणा आधीच भरायचा, कारण जाणं-येणं हेलिकॉप्टरने अन् ते काही पाच रुपयांचा कढीपत्ता आणायला येत नाही. भाजी तिथेच लावतात, वाऱ्यापासून वाचली तर. इथे तुम्ही कामाच्या आहात बरं का, डाळी-तांदळाचं महिन्याचं माप, कोणता डबा आधी उघडायचा, पिठाला कीड लागू नये म्हणून काय करायचं हे लेकीला व्हिडिओ कॉलवर नीट सांगा. कुरड्या-सांडग्यांचं पार्सल मात्र उत्साहाच्या भरात इथून पाठवू नका, ऑस्ट्रेलियाचं कस्टम खाण्याच्या वस्तूंबाबत फार कडक आहे. बेटावर जाताना तर सामान अन् बूटसुद्धा तपासतात, बी किंवा उंदीर जाऊ नये म्हणून. कारण तिथे लाखोंनी समुद्रपक्षी जमिनीत बिळं करून राहतात, सप्टेंबरच्या सुमारास येतात, एप्रिलच्या आसपास पार उत्तर पॅसिफिककडे निघून जातात. अंधार पडला की सगळे एकदम परततात अन् जो कलकलाट होतो! वाट सोडून चाललं तर पायाखाली एखाद्याचं घर खचतं.

पूर्वी बेटावरून होबार्टला, म्हणजे टास्मानियाच्या राजधानीला, निरोप धाडायला कबुतरं ठेवली होती, त्यातली सगळी काही पोचत नसत. आज तशी वेळ नाही, तेव्हा लेकीशी बोलणं होईल, फक्त वारा पिसाळला की एखाद दिवस फोन नाही आला तर लगेच गणपतीला नारळ बोलू नका.

मला काळजी वेगळीच वाटते. सहा महिने दोनच माणसं. भांडण झालं तर माहेरी जायलासुद्धा हेलिकॉप्टर! जावयांशी हे एकदा स्पष्ट बोला, बाकी धाडसाचं वगैरे कौतुक नंतर. पंधरा दिवस एकत्र घर रंगवताना दोघांचं जमलं असेल तर खुशाल जाऊ द्या. अन् वहिनी, लेकीच्या बाबांनाही सांगा की पोरं पळून नाही चालली, गवत कापायला चालली आहेत.

प्रश्न : जुन्या दीपगृहात दिवसा भिंगाला पडदे लावतात असं ऐकलं, भिंग काय लाजतं का?
– एक विद्यार्थी, वर्धमाननगर

उत्तर : हाहा, नाही बाप्पा. मोठं फ्रेनेल भिंग म्हणजे गोलाकार रचलेले काचेचे लोलक, मधल्या दिव्याचा उजेड गोळा करून सरळ झोतात समुद्राकडे फेकतात. दिवसा हेच उलटं होतं, बाहेरचं ऊन आत गोळा होतं अन् आग लागू शकते. म्हणून पडदे. हे भिंग पहिल्यांदा 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात बसवलं. पुढे कित्येक ठिकाणी टनावारी वजनाचं भिंग पाऱ्यावर तरंगत ठेवत, म्हणजे हाताने ढकललं तरी फिरायचं, पण त्या पाऱ्याची वाफ विषारी.

प्रश्न : आम्हा नवरा-बायकोला असंच एखादं दीपगृह कोकणात सांभाळायला मिळेल का? दोघंही रिटायर्ड आहोत.
– मानेवाडा

उत्तर : सांभाळायला नाही हो, आपल्याकडे दीपगृहं केंद्र सरकारच्या खात्याकडे असतात अन् तिथे पगारी कर्मचारी. बघायला मात्र जा. अलिबागजवळ थळ गावासमोर खांदेरी बेट आहे, शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये तिथे किल्ला बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांशी जोरदार झुंज झाली होती. दीपगृह 1867 चं, आता कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं, अन् वेताळाचं देऊळ कोळी लोक फार मानतात. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या 12 मराठा किल्ल्यांत खांदेरीही आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा दिवाळीनंतरचं तिकीट काढा, अन् बोटीचं थळला आधी फोनवर विचारूनच नागपूर सोडा.