पॅकेज 6 लाखांचं, हातात 38 हजार

"लग्नाला वर्षसुद्धा झालं नाही आणि आमची रोज पैशांवरून भांडणं होतात. पुढे कसं होणार?" नवी जोडपी समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न ठरलेला असतो. कधी मुलगी विचारते, कधी मुलगा, कधी दोघांपैकी एकाची आई फोन करून विचारते. उत्तरादाखल एका जोडप्याची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आकडे मात्र जवळपास तेच ठेवलेत.

तो चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात, ती पिंपरीत एका ऑफिसात अकाउंट्स बघणारी. मोशीत भाड्याचा वन बीएचके. त्याचं गाव सोलापूर जिल्ह्यात, तिचं साताऱ्याकडे. लग्न ठरवून झालेलं. आले तेव्हा नऊ महिने झाले होते आणि निमित्त होतं त्याच्या मोबाइलवर तिने वाचलेला एक मेसेज: खात्यात पैसे नसल्याने हप्ता परत गेला.

"मॅडम, हा घरात पैसेच देत नाही. भाडं मी भरते, किराणा मी भरते. पगार जातो कुठे विचारलं की उठून गॅलरीत जातो." त्यावर तो म्हणाला, "आणि ही दर दोन दिवसांनी ऑनलाइन काहीतरी मागवते." मग टपरी, मित्रांबरोबरचं हॉटेल, तिच्या कुर्त्या, असं बराच वेळ चाललं.

मी दोघांना एकेक कागद दिला आणि म्हटलं, समोरच्याच्या हातात महिन्याला किती येतात ते लिहा. त्याने तिचे 22,000 बरोबर लिहिले. तिने त्याचे लिहिले 50,000. खरे होते 38,000.

तिचं चुकलं म्हणावं तर बायोडेटात "पॅकेज 6 लाख" असंच लिहिलेलं होतं. मध्यस्थांनी त्याला 12 ने भागून दाखवलं आणि विषय संपला. कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, वर्षाअखेरी मिळाला तर मिळणारा व्हेरिएबल पे हे सगळं त्या आकड्यात धरलेलं असतं. वर स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर कापला जातो. म्हणजे नऊ महिने ती दर महिन्याला 12,000 रुपये शोधत होती, जे कधी आलेच नव्हते. ते धाकट्या दिराकडे जातात असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. आपल्याकडे स्थळ बघताना पत्रिका बेलाशक मागतात, पगाराची स्लिप मागायला मात्र लाजतात. मी तर म्हणेन, एक वेळ पत्रिका राहू द्या.

दुसऱ्या कागदावर त्याने स्वतःचे खर्च लिहिले. वैयक्तिक कर्जाचा हप्ता 13,660. क्रेडिट कार्ड 4,200. बाइकचा हप्ता 3,800. गावी 8,000.

"कसलं कर्ज?"

लग्नाचं. खर्च निम्मा-निम्मा ठरला होता. मुलाकडचे पाहुणे 700. अण्णा, म्हणजे त्याचे वडील, जमिनीवर पैसे उचलायला निघाले होते. त्याने त्यांना "ऑफिसातून ॲडव्हान्स मिळतोय" असं सांगून थांबवलं आणि बँकेतून 5 लाख घेतले, 14 टक्क्यांनी, 4 वर्षांसाठी. ते उरकलं तशी पहिली संक्रांत, मंगळागौर, दोन्हीकडचे आहेर, फ्रिज, हे कार्डावर गेलं. तिला सांगितलं नाही, कारण कर्जबाजारी नवरा मिळाला असं तिला वाटेल.

ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती चिडली. "तुमच्या 700 माणसांच्या पंगतीचं कर्ज मी का फेडू?"

प्रश्न रास्त होता. कागदोपत्री कर्ज त्याचं एकट्याचं. ती जामीनदार नसेल तर बँक तिच्याकडे मागू शकत नाही. पण हप्ता गेल्यावर उरतं त्यात दोघांचं घर चालतं. म्हणून माझं मत असं, की तो हप्ता फेडायला ती बांधील नसली तरी त्याची माहिती मिळण्याचा तिला पूर्ण हक्क आहे, आणि तो हक्क लग्नाआधीपासूनच होता. हे मी त्याला तिच्यासमोर सांगितलं. पुढच्या भेटीत तिनेही खालच्या आवाजात सांगितलं, की भावाच्या फीसाठी ती माहेरी दरमहा 3,000 पाठवते. त्याला ठाऊक नव्हतं. दोघांची गुपितं एका मापाची नव्हती, तरी तो काही बोलला नाही, हे मला आवडलं.

आता बेरीज करा. 60,000 आवक. भाड्याचे 13,000 धरून आणि तिचे 3,000 मिळवून 45,660 ठरलेल्या ठिकाणी जात होते. उरलेल्या 14 हजारांत दोन माणसांचा किराणा, गॅस, वीज, पेट्रोल, मोबाइल. दोघंही उधळे नव्हते. ज्या टपरी-कुर्त्यांवरून घर डोक्यावर घेतलं जात होतं, त्यांची दोघांची मिळून बेरीज 2,500 च्या आसपास निघाली. मोठ्या रकमेबद्दल बोलायची सोय नसली, की माणसं छोट्या रकमेवर तुटून पडतात. "कुर्ती कशाला?" असं म्हणता येतं. "तुझ्या वडिलांनी एवढी माणसं का बोलावली?" असं नऊ महिन्यांच्या सुनेला म्हणता येत नाही.

सगळ्यात वाईट होतं ते कार्ड. बाकी 84,000, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. म्हणजे 2,940 व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी 529. तो भरत होता 4,200, किमान रक्कम म्हणून छापलेली. मुद्दलातून जेमतेम 730 रुपये कमी होत होते. त्याला वाटायचं, आपण वेळेवर भरतो. शिवाय मागची बाकी पूर्ण न भरल्यास बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. बँकेशी बोलून त्याने ती बाकी 16 टक्क्यांच्या हप्त्यांत बदलून घेतली: 24 महिने, दरमहा सुमारे 4,100. जवळपास तेवढेच पैसे, पण दोन वर्षांत संपणारे. हप्ता परत जाण्याचं कारण तर हास्यास्पद होतं. हप्त्याची तारीख 5, पगार 7 तारखेला. दर वेळी 590 रुपये दंड. अर्ज करून तारीख 10 करून घेतली.

सोन्याचा विषय मधेच निघाला. त्याच्या आईने सुचवलं, "सुनेच्या पाटल्या बँकेत ठेवा, नंतर सोडवता येतील." हिशेबाने बघितलं तर सोनेतारण कर्जाचं व्याज कार्डापेक्षा खूपच कमी, तेव्हा सल्ला खोटा नव्हता. पण तो सुनेकडून यायला हवा होता. स्त्रीधन तिचं एकटीचं. अडचणीत नवऱ्याने ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. तिने पाटल्या दिल्या नाहीत. द्याव्यात असं मी सुचवलंही नाही. ज्या घरात कर्ज लपवलं गेलं हे कळून आठवडा झालाय, तिथे व्याज वाचवण्यासाठी सोनं मागू नये.

घरच्यांशी बोलण्याबाबत माझा नियम साधा आहे: ज्याचे आईवडील, त्याने बोलायचं. सुनेने "आता 8,000 जमणार नाहीत" म्हटलं तर तिने मुलगा तोडला असं होतं. तो एकटा गावी गेला आणि अण्णांना कर्जाचं सांगितलं. अण्णा म्हणाले, "मला बोलला असतास तर मांडव लहान घातला असता." 8,000 चे 5,000 झाले. पूर्ण बंद करा असं मी सांगत नाही. "आधी स्वतःचं बघा" हा सल्ला हल्ली फार स्वस्त झालाय. ज्याच्या वडिलांचं औषध त्या पैशांतून येतं, त्याला तो देऊन काही उपयोग नाही. वाचलेले 3,000 आवर्ती ठेवीत टाकायचे ठरले, म्हणजे पुढचा सण कार्डावर जाणार नाही.

घरी त्यांना दोनच गोष्टी पाळायला सांगितल्या. पगारानंतरच्या रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, अर्धा तास दोघांनी मिळून हिशेब बघायचा; रात्री अंथरुणावर पैशांचा विषय काढायचा नाही. आणि दोघांनाही 1,500 रुपये असे, ज्यांचा हिशेब कोणी विचारणार नाही. कुर्ती त्यातून, टपरीही त्यातूनच.

वसुलीच्या फोनला घाबरून येणारेही बरेच असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे थकबाकीसाठी वसुली एजंटने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही. तसे फोन आले तर वेळा लिहून ठेवा आणि आधी बँकेकडे लेखी तक्रार करा.

एक फरक मात्र ओळखा. नवरा किंवा सासरचे तुमचं एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवत असतील, पगार काढून घेत असतील, दागिने परत देत नसतील, नोकरी सोडायला लावत असतील, तर वर सांगितलेलं काही लागू पडणार नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचार मानलेला आहे. तिथे हिशेबाची वही घेऊन बसू नका, त्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा वकिलाकडे जा.

हे दोघं अजून अधूनमधून येतात. मोठं कर्ज फिटलेलं नाही, भांडणं संपलेली नाहीत. मागच्या वेळी विषय वॉशिंग मशीनचा होता. त्याला हप्त्यांवर हवं, तिला दिवाळीचा बोनस येईपर्यंत थांबायचं आहे. मला विचारलं, तर मी म्हटलं, रविवारी बघा.